लिंबाच्या मुळावरचा चोर ओळखणारा माणूस : नेथन कॉब

कागदी लिंबाची बाग आठ-दहा वर्षांची झाली, ऐन कमाईला आली, की तिच्यातली काही झाडं थबकतात. मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. पानं बारीक होतात, पिवळी पडतात, शेंडे वाळतात, फळ लहान राहतं आणि धरलेला बहार गळून जातो. आपण काय करतो? आळ्यात पाणी वाढवतो, युरियाची मूठ वाढवतो, एखादी फवारणी करतो. झाड दोन महिने हसतं आणि पुन्हा रुसतं. शेजारचे आप्पा सांगतात, जमीनच मानवली नाही. शेवटी कुऱ्हाड.

अशा झाडाची बारीक मुळी उकरून, पाण्यात धुऊन कधी पाहिली का? चांगल्या झाडाची तंतुमुळं धुतली की पिवळसर-पांढरी निघतात. काही झाडांची मुळं मात्र कितीही धुवा, माती सोडत नाहीत. मळकट आणि जाडसर दिसतात. त्या मातीखाली सूत्रकृमीची मादी बसलेली असू शकते. तोंडाकडचा भाग मुळीच्या सालीत रुतलेला, मागचा फुगीर भाग बाहेर. ती चिकट पदार्थ सोडते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि त्याच चिकट्याला माती धरून राहते. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. वांग्या-टमाट्याच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी तुमच्या ओळखीचा आहे. हा लिंबूवर्गीय झाडांचा सूत्रकृमी गाठी करत नाही, त्यामुळेच तो सुटतो.

या चोराला १९१३ साली शास्त्रीय नाव देणारा, आणि जमिनीतल्या किडीचा शत्रू जमिनीतच शोधावा असं सांगणारा जो माणूस होता, त्याची ही हकीकत. नाव नेथन ऑगस्टस कॉब. सूत्रकृमींच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. माणूस अमेरिकेचा, पण गहू, ऊस, कापूस आणि लिंबू या चारही पिकांत त्यांनी काम केलं, तेव्हा खान्देशातल्या शेतकऱ्याला ते फार परके वाटायला नकोत.

कॉब यांचा जन्म ३० जून १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर या गावी झाला. लहानपण शेतीत आणि हातकामात गेलं. हत्यारांवर हात बसला तो जन्मभर. वूस्टर येथील तंत्रशिक्षण संस्थेतून १८८१ साली त्यांनी पदवी घेतली, त्याच वर्षी लग्न केलं आणि पुढे सहा वर्षे एका शाळेत मास्तरकी केली. बरी चाललेली नोकरी. ती सोडून १८८७ मध्ये हा माणूस कुटुंबासह जर्मनीला गेला आणि येना विद्यापीठात हेकेल या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकू लागला. १८८८ साली डॉक्टरेट मिळाली. विषय होता देवमाशाच्या शरीरात सापडणारे कृमी! आता सांगा, देवमाशाचा आणि लिंबाच्या झाडाचा काय संबंध? पण दोन्हीकडचे कृमी एकाच मोठ्या कुळातले, आणि ते पाहायची नजर तिथेच तयार झाली.

१८८९ साली कॉब ऑस्ट्रेलियात सिडनीला पोचले. सुरुवातीला मिळेल ते काम केलं. १८९० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या शेती खात्यात वनस्पतिरोगतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्या देशात या कामावर पूर्णवेळ नेमलेले ते पहिलेच. म्हणजे एका अर्थाने ते आमच्याच खात्यातले. शेतकऱ्याची तक्रार आली की जायचं, रोगट पान आणायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सरकारी मासिकात लिहायचं.

तिथे गव्हाच्या तांबेऱ्याने शेतकरी बेजार होते. कॉब यांनी देशोदेशीचे शेकडो वाण गोळा करून वागा वागा येथील प्रयोगक्षेत्रावर लावले. त्या क्षेत्राचे ते व्यवस्थापकही होते. पण कोणत्या वाणावर तांबेरा किती, हे ठरवायचं कसं? एक जण म्हणतो खूप, दुसरा म्हणतो थोडा. कॉब यांनी पानाची चित्रं काढली, कमी-अधिक डाग दाखवणारी, आणि चित्राशी पान ताडून तांबेरा मोजायची पद्धत घालून दिली. पुढे तिच्यात सुधारणा झाली, पण गव्हाच्या संशोधन केंद्रांत तांबेऱ्याची नोंद आजही कॉब यांच्याच नावाच्या मापाने करतात.

बियाण्यावरचं त्यांचं काम तर घराघरात सांगण्यासारखं आहे. भरदार दाणा पेरावा की चिरमटलेलाही चालतो, हा वाद तिथेही होता. कॉब यांनी दाणे चाळून, वेगळे पेरून, मोजून १९०३ साली दाखवून दिलं की भरदार दाणाच पुढे राहतो. आपल्या आया-बहिणी सुपात पाखडून बियाण्याचा दाणा वेगळा ठेवत आल्या, त्यांना हे नवीन नाही. पण वावरात पेरून, आकडे मांडून सिद्ध केलेली गोष्ट खात्यालाही मानावी लागते.

उसाच्या कांड्यातून पिवळा चिकट रस गळणारा रोग त्या देशात आला, तेव्हा त्यामागे जिवाणू आहे असं १८९३ मध्ये सांगणारेही कॉबच. पुढे १९०५ साली ते हवाई बेटांवर ऊस बागायतदारांच्या संशोधन केंद्रात गेले आणि १९०७ साली अमेरिकेच्या शेती खात्यात, वॉशिंग्टनला. तिथे त्यांना काम मिळालं कापसाचं. प्रतवारीचे नमुने ठरवणं, धाग्याची लांबी मोजायची साधनं तयार करणं. आपल्याकडे कापसाच्या गाडीवर ग्रेडरने एक बोट दाखवलं की शेतकऱ्याचा भाव ठरायचा, आणि त्यावरून किती भांडणं झाली हे तुम्हाला सांगायला नको. कॉब यांचा आग्रह असा की प्रत बोटाने ठरू नये, मापाने ठरावी. मला विचाराल तर या माणसाच्या सगळ्या कामाचा धागा हाच आहे. गहू असो, कापूस असो की कृमी, आधी मोज, मग बोल.

कापसाचं काम पोटाचं, आणि कृमींचं काम जिवाचं. ते त्यांनी कुठेच सोडलं नाही. समुद्राची वाळू, नदीचा गाळ, शेतातली माती, जे मिळेल ते पाण्यात ढवळून पाहायचं. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या शॅकल्टनच्या मोहिमेने आणलेल्या नमुन्यांतले कृमीही त्यांनीच तपासले. बाजारात मिळणारी साधनं पुरी पडेनात, तेव्हा स्वतः बनवली. सोनगीरचा तांबट भांड्याच्या घडणीप्रमाणे हातोडी निवडतो, नसेल तर घडवून घेतो, तसं या माणसाचं होतं. काचपट्टी, भिंगाची मांडणी, प्रकाशाची सोय, सगळ्यात त्यांचा हात. चित्रं तर अशी काढली की अभ्यासक आजही ती उघडून बसतात.

१९१२ साली कॅलिफोर्नियात बागा तपासणाऱ्या एका निरीक्षकाला लिंबूवर्गीय झाडाच्या मुळांवर हे कृमी दिसले. पुढच्या वर्षी कॉब यांनी त्याचं वर्णन करून टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स असं नाव दिलं. नाव अवघड वाटेल, पण दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे अर्धा आत शिरलेला. किडीची अख्खी कुंडली त्या एका शब्दात आली. पुढे शोध घेतला तसा तो देशोदेशीच्या बागांत सापडत गेला. भारतात त्याची नोंद १९६१ साली झाली, उत्तर प्रदेशात. त्याआधी तो इथे नव्हता असं समजू नका. पाहणारं कोणी नव्हतं.

पण नाव दिल्याने झाड वाचत नाही. मातीत कृमी किती आहेत हे शेतकऱ्याला सांगता आलं पाहिजे, म्हणून १९१८ साली कॉब यांनी मोजणीची रीत लिहून काढली. माती पाण्यात ढवळायची, जड वाळू तळाशी बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून ओतायचं. शेवटच्या चाळणीवर राहिलेल्या गाळात कृमी सापडतात. सोनाराच्या दुकानासमोरचा कचरा धुऊन झारेकरी सोन्याचा कण काढतो, अगदी तीच युक्ती. प्रयोगशाळेत तुमचा मातीचा नमुना गेला की आजही मूळ रीत हीच असते.

कृमींचं महत्त्व लोकांना पटावं म्हणून १९१४ सालच्या लेखात त्यांनी एक कल्पना मांडली होती, ती फार गाजली. जगातलं बाकी सगळं नाहीसं होऊन फक्त सूत्रकृमी उरले, तरी डोंगर, नद्या, झाडं यांचे आकार त्यांच्या पातळ थरातून ओळखू येतील, असा तिचा आशय. आपल्यापुरतं बघा. सोनगीरचा किल्ला, खालची गावठाण, कडेची शिवारं, सगळं पुसलं गेलं तरी लिंबाची ओळ कुठे होती आणि बाजरी कुठे होती, हे नुसत्या कृमींवरून जाणकाराला सांगता यावं. इतके ते सर्वत्र आहेत, आणि प्रत्येक पिकाचे वेगळे आहेत.

अशी माती रोज पाहताना कॉब यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सगळेच कृमी पिकाचे वैरी नाहीत. काही मोठ्या तोंडाचे, दात असलेले कृमी दुसऱ्या कृमींना गिळतात. मोनोंक त्यांचं नाव. त्यांच्या पारदर्शक पोटात गिळलेला कृमी स्पष्ट दिसतो. १९१७ मध्ये कॉब यांनी या शिकारी कृमींवर मोठा लेख लिहिला आणि १९२० मध्ये पुढचं पाऊल टाकलं. जिथे शिकारी भरपूर आहेत तिथली माती आणून जिथे नाहीत तिथे सोडावी, म्हणजे ते पिकाच्या वैऱ्याचा बंदोबस्त करतील. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबावरच्या खवले किडीवर ऑस्ट्रेलियातून भुंगेरे आणून सोडले होते आणि १८८९ सालापर्यंत बागा वाचल्या होत्या. जे झाडावर जमलं ते झाडाखाली का जमू नये, हा विचार वावगा नव्हता. १९२२ साली त्यांचे सहकारी स्टायनर यांनी मोजून दाखवलं की एका शिकारी कृमीने बारा आठवड्यांच्या आयुष्यात १३३२ पिल्लं मारली. आकडा वाचून कोणाचीही आशा वाढेल.

आणि इथे कॉब हरले, हे सांगितलंच पाहिजे. काचेच्या वाटीतला शिकारी वेगळा आणि वावरातला वेगळा. त्यांच्याच परंपरेतले थॉर्न यांनी यूटा राज्यातल्या बीटच्या शेतांत हे शिकारी वर्षानुवर्षे पाहिले आणि १९२७ मध्ये निष्कर्ष दिला की त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यांची संख्या एकदम वाढते, एकदम कोसळते. जमीन तापली, सुकली की ते टिकत नाहीत. खायला पिकाचेच कृमी निवडतील असंही नाही, समोर येईल ते खातात, कधी आपल्याच जातीला खातात. कॉब ४ जून १९३२ रोजी बाल्टिमोर शहरात वारले, तेव्हा शिकारी कृमी सोडून वाचवलेली एकही बाग दाखवता येत नव्हती. त्यांची मुलगी फ्रिडा पुढे नावाजलेली वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. मोजमापाची सवय घरात उतरली होती.

त्यांच्यामागे औषधांचा जमाना आला. १९४३ साली हवाईतल्या अननसाच्या जमिनीत एक धुरीचं औषध कृमींवर फार गुणकारी ठरलं. १९५० नंतर आलेलं डीबीसीपी, म्हणजे नेमॅगॉन, तर उभ्या बागेतही देता येत होतं. मग शिकारी कृमी कोण आठवतो? पण १९७७ साली कॅलिफोर्नियात ते औषध तयार करणाऱ्या कारखान्यातले कामगार मूल होण्यास असमर्थ झाल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत ते बंद करावं लागलं. आपल्या देशातही त्यावर बंदी आहे. फोरेट हे दाणेदार औषध आपल्याकडे कित्येकांनी हाताने आळ्यात टाकलं. तेही २०२० अखेर बंद झालं. औषधांची वाट अशी अरुंद होत गेली, तशी शास्त्रज्ञांना कॉब यांची जुनी वाट पुन्हा आठवली.

या वेळी शिकारी मात्र बदलला. कृमींना फास टाकून पकडणाऱ्या बुरशी १८८८ सालापासून माहीत होत्या. १९३७-३८ च्या सुमारास हवाईत लिनफर्ड यांनी अननसाचा हिरवा पाला चिरून जमिनीत गाडला, तेव्हा गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा जोर कमी झाला. कुजणाऱ्या पाल्यावर निरुपद्रवी कृमी वाढतात, त्यांच्यावर त्यांचे शत्रू पोसतात, आणि मग पिकाचे कृमीही त्यात सापडतात, असं त्यांनी मांडलं. कॉब यांच्या हिशोबात नेमकी हीच बाजू कमी पडली होती. शिकारी आणून सोडला, पण त्याचं घरदार, अन्न, ओल यांची सोय कोण करणार? १९७९ साली पेरू देशात बटाट्याच्या मुळांवर एक बुरशी सापडली, जी कृमीची अंडीच खाते. पॅसिलोमायसिस लिलासिनस या नावाने ती आपल्या बाजारात आली. आता शास्त्रज्ञ तिला पर्पुरिओसिलियम म्हणतात, पाकिटावर दोन्हींपैकी कोणतंही नाव असू शकतं. लिंबाच्या सूत्रकृमीची मादी अंडी चिकट पुंजक्यात मुळीच्या बाहेरच ठेवते, त्यामुळे अंडी खाणाऱ्या बुरशीला ती हाताशी मिळतात.

आता आपल्या शिवारापुरतं बोलू. ही बुरशी किंवा ट्रायकोडर्मा नुसती पाण्यात कालवून मे महिन्यातल्या तापलेल्या आळ्यात ओतली, तर कॉब यांच्या शिकाऱ्यांचं झालं तेच होईल. सावलीत, कुजलेल्या शेणखतात आणि निंबोळी पेंडीत मिसळून, गोणपाटाने झाकून, ओल राखून काही दिवस वाढू द्यावी. मग पावसाळ्यात किंवा पाणी चालू असताना झाडाच्या घेराखाली, तंतुमुळं असतात तिथे, मातीत मिसळून द्यावी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन करावं. बुंध्याशी ढीग घालू नका. त्याच हप्त्यात बुरशीनाशक आळ्यात ओतू नका, नाहीतर स्वतः पेरलेलं स्वतःच मारल्यासारखं होईल. पाकिटावरची अंतिम तारीख वाचा, आणि ते पत्र्याच्या दुकानात उन्हात पडलेलं असेल तर फुकटही घेऊ नका. प्रमाण पाकिटावरील शिफारशीप्रमाणे ठेवा. एका वर्षात बाग हिरवीगार होईल असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा. कृमी पूर्ण संपत नाहीत, त्यांची संख्या खाली ठेवायची असते.

त्याहून मोठी गोष्ट रोपाची. हा कृमी स्वतःच्या बळावर फार थोडं अंतर सरकतो. तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो रोपाच्या पिशवीतून, आपल्या पैशाने, आपल्याच गाडीत बसून. रोपवाटिकेतून शंभर रोपं घेताना एक-दोन पिशव्या फोडून, मुळं धुऊन बघायचा आग्रह धरा. रोपवाटिकावाला कुरकुरेल, कुरकुरू द्या. स्वतः रोपं करणाऱ्यांनी पिशवीत जुन्या लिंबाखालची माती कधीच भरू नये. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापू द्यावी. आपलं ऊन शाप म्हणून सांगितलं जातं, या कामाला मात्र ते फुकटचं औषध आहे. जुनी बाग काढून त्याच खड्ड्यात लगेच लिंबू किंवा मोसंबी लावणं म्हणजे भुकेल्या कृमींना ताट वाढणं. मध्ये दोन-तीन वर्षे ज्वारी, बाजरी, मका घ्या.

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि तलाठी आप्पा यांनाही एक विनंती. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या योजनेतून महाराष्ट्रात फळबागा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. सरकारी मदतीने बाग लागते, तेव्हा खड्डे मोजले जातात, झाडं मोजली जातात, पण मुळं कोणी पाहत नाही. झाडं वाळल्याचा पंचनामा करताना पाण्याअभावी एवढाच शब्द ठोकून देऊ नका. दोन झाडांची मुळं उकरून पाहा आणि जे दिसलं ते लिहा. बुंध्यातून डिंक येत असेल तर तो वेगळा रोग, मुळं सडून साल निघत असेल तर वेगळा, आणि माती न सोडणारी तंतुमुळं असतील तर हा कृमी असू शकतो. तिन्हींचा इलाज एक नाही. चुकीचं कारण कागदावर गेलं की पुन्हा तीच रोपं त्याच खड्ड्यात येतात.

खात्री तपासणीनेच होते. बहाराला ताण देण्याआधी, जमिनीत वाफसा असताना, आठ-दहा झाडांच्या घेराखालून वरची कोरडी माती बाजूला सारून साधारण वीतभर खोलीवरची माती आणि मूठभर तंतुमुळं घ्या. सगळी एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो माती मुळांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पिशवी उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, कृमी मेले तर मोजणार काय? नाव, गट नंबर, झाडाचं वय आणि रोपं कुठून आणली ते चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी पिशवीच्या आत न टाकता बाहेर बांधा, आत ती भिजून वाचता येत नाही. नमुना धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणाऱ्यांकडे पाठवा. चांगल्या आणि रुसलेल्या झाडांचे नमुने वेगवेगळे द्या, म्हणजे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.